पेरलेला ठिपका

“बाई, पाच मिनिटं. नुसतं बघून जा, काही बोलू नका.”

वैजनाथ माझ्या खोलीच्या दारात उभा होता. संस्थेत मला सगळे ‘मॅडम’ म्हणत. वैजनाथ सोनटक्के एकटा ‘बाई’ म्हणायचा. गंगाखेडच्या शाळेत लागलेली सवय पुण्यात येऊन डॉक्टरेट मिळाली तरी सुटली नव्हती, आणि ती सुटू नये असं मलाही वाटायचं. गौरी-गणपती होऊन गेले होते, पितृपंधरवडा लागला होता. मी हातातलं काम ठेवून त्याच्यामागून गेले.

त्याच्या टेबलावर चहाचा कप तसाच गार झालेला होता. त्यानं मला स्वतःची खुर्ची दिली आणि पाठीशी उभं राहून कळ दाबायला सुरुवात केली.

“ही पहिली रात्र. ही दुसरी. आता ही बघा. तारे सगळे जागच्या जागी आहेत. आता खालच्या कोपऱ्यात बघा, अगदी कडेला.”

खगोलशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस येतो. आमचं तसं नव्हतं. दुर्बीण दूर परदेशात, एका उजाड डोंगरावर. ती आकाशाचा एकेक तुकडा पुन्हा पुन्हा टिपायची आणि त्या प्रतिमा आमच्याकडे यायच्या. आम्ही आपले दहा ते सहा पंख्याखाली बसून आकाश बघायचो. माझे यजमान पाहुण्यांना सांगत, “हिनं चंद्र पाहिलाय तो फक्त संकष्टीला.” आमच्या गटाचं काम नेपच्यूनच्याही पलीकडचे, फार दूरचे, फार सावकाश सरकणारे गोळे शोधण्याचं. लाखो न हलणाऱ्या ठिपक्यांत एखादा हलणारा.

कोपऱ्यात एक ठिपका होता. इतका फिका, की बघता बघता नाहीसा व्हावा. कळ दाबली की तो केसभर सरकत होता. पण माझी नजर त्याच्या आधी त्याच्या शेजारी गेली होती. तिथं एक दीर्घिका होती, कडेनं दिसणारी, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, थेट करंजीसारखी. ती करंजी मी ओळखली.

“पेरलेला असेल,” मी म्हणाले.

एवढं म्हणायची मुभा होती. ते आमच्यात कुणीही कुणाच्याही ठिपक्याला म्हणायचं.

इतक्या गर्दीत शोधणाऱ्याच्या नजरेतून किती सुटतं, हे कळावं म्हणून आमच्याकडे एक रीत होती. खऱ्या प्रतिमांत थोडे खोटे ठिपके मिसळून ठेवायचे. खऱ्यासारखेच फिके, खऱ्यासारखेच चालणारे. त्याला आम्ही पेरणी म्हणत असू. हंगाम संपला की एक दिवस सगळ्यांसमोर उघडणी व्हायची. कोणता ठिपका पेरलेला आणि कोणता आकाशातला, ते तेव्हा कळायचं. तोवर पेरणाऱ्यानं अवाक्षर काढायचं नाही, आणि सापडलेलं कुणी दुसऱ्या दुर्बिणीतून ताडून पाहायचं नाही. त्या वर्षी पेरणी माझ्याकडे होती. गटाचे प्रमुख रेगे सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “ताम्हनकरांच्या पोटात राहतं. चार महिने जेवताना तोंडातून शब्द न काढणारी बाई आहे ती.”

“पेरलेला नाही, बाई,” वैजनाथ म्हणाला. आवाज हळू होता, पण आतून उकळत होता. “मी मागच्या सगळ्या हंगामांच्या पेरण्या काढून बघितल्या. प्रोग्रॅम कडेला पेरतच नाही. कडेला प्रतिमा खराब असते, तिथं कोण कशाला पेरेल? आणि इतका मंद चालणारा तर कधीच नाही. तुम्ही काही सांगू नका. मी विचारत नाहीये. मी फक्त दाखवतोय.”

तो म्हणत होता त्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. फक्त त्या वर्षी रेगे सरांनी नवीन टूम काढली होती. बहुतेक ठिपके नेहमीसारखे प्रोग्रॅमनं पेरायचे, ते कुठं आहेत हे यादी उघडल्याशिवाय मलाही ठाऊक नसे. पण मोजके मी माझ्या हातानं पेरायचे, कुणाला सापडू नयेत अशा जागी. आषाढी झाल्यावरच्या आठवड्यात मी ते काम केलं. एक ठिपका ठेवायला जागा शोधताना ती करंजी दिसली. घरी डब्यात करंज्या भरताना मोडकी एखादी खाली सरकवावी, तसा मी तो तिच्या आडोशाला सरकवून ठेवला. हाताच्या पेरणीचं आम्हां दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

“छान शोधलंस,” मी म्हणाले. तेही खरंच होतं.

“आणखी एक सांगायचंय. बसा ना.”

मी उठायला लागले होते, पुन्हा बसले.

“अंबाजोगाईच्या कॉलेजात मुलाखत दिली होती ना मी, उन्हाळ्यात? त्यांचं पत्र आलंय. कायमची जागा. नवरात्र लागायच्या आत हो-नाही कळवा म्हणतात. मी मुदत मागून बघितली, तर म्हणाले, मागं दुसरा उमेदवार उभा आहे.”

“मग हो म्हण की.”

“आठ दिवसांमागं हो म्हणायचंच ठरलं होतं. कावेरी सामान बांधायला निघाली होती.” कावेरी त्याची बायको. लेकीला घेऊन ती माहेरी गंगाखेडला राहत होती, कारण वैजनाथची इथली नेमणूक वर्षावर्षाची, आणि पुढच्या मार्चला तीही संपणार होती. “पण आता हे निघालं. हे खरं ठरलं तर इथं मला कोण सोडतंय, बाई? रेगे सर स्वतः म्हणाले होते, एक ठसठशीत शोध दाखव, मी तुझ्यासाठी वर भांडतो. तिकडं गेलो की संपलं. वर्गावर वर्ग, आणि परीक्षेचे पेपर. आकाश बघायला फुरसत कुणाला?”

“उघडणी तुळशीचं लग्न लागल्यावर आहे, वैजनाथ. उत्तर त्याच्या आधी द्यायचंय.”

“तेच तर,” तो म्हणाला आणि हसला. “तुमचा देव काय म्हणतो बघा जरा.”

मी त्याच दिवशी रेगे सरांकडे गेले. ते चष्मा कपाळावर चढवून कुणाचा तरी प्रबंध वाचत होते.

“सर, पेरणीतला एक ठिपका सांगायची मुभा हवी आहे.”

त्यांनी प्रबंध मिटला नाही. “कुणाला?”

“ते सांगितलं तर सगळंच सांगितल्यासारखं होईल.”

“मग समजा तुम्ही सांगितलंच आहे.” त्यांनी चष्मा खाली घेतला. “सोनटक्केला कॉलेजचं पत्र आल्याचं मलाही कळलंय. कडेचा सापडलाय का त्याला?”

मी नजर खाली घातली.

“कमाल आहे पोराची,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा क्षणभर खरोखर उजळला. मग पडला. “नाही, ताम्हनकर. एक उघडला की हाताची पेरणी उघडी पडली. मग सगळे कडा सोडून देतील, नाहीतर कडाच बघत बसतील. पूर्ण गटाची वर्षाची मेहनत मातीत. ते लोक काय म्हणतील? एकट्या सोनटक्केसाठी?”

“त्याची कायमची नोकरी जातेय, सर.”

“पेरणी असते हे त्याला ठाऊक नाही का? तो लहान आहे का?”

“मग तुम्ही त्याला एवढंच सांगा, की शोध लागला नाही तरी तुला ठेवून घेऊ.”

“माझ्या हातात असतं तर मार्चची वाट बघितली असती का मी?”

“निदान अंबाजोगाईला जा म्हणून सांगा.”

“मी सांगितलं तर त्याला वाटेल, शोध हाताशी आल्यावर सर मला वाटेला लावतायत.” त्यांनी प्रबंधाचं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. “तुम्ही सांगून बघा. पण ठिपक्याचं नाव काढायचं नाही. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून पेरणी तुमच्याकडे दिली.”

त्या संध्याकाळी देवापुढं बसले तर पोथीच्या ओळी डोळ्यांखालून नुसत्या जात होत्या. मी देवाकडे काही मागितलं नाही. काय मागायचं होतं? तो ठिपका खरा कर, असं?

त्यानंतरचे दिवस मी वैजनाथला जमेल तसं सांगत राहिले. कायमची जागा सारखी सारखी मिळत नाही. लेकरू लहान आहे. शिकवणंही पुण्याचंच काम आहे. जिन्यात भेटला की सांगायची, ग्रंथालयात भेटला की सांगायची. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “माझी आई पण असंच बोलते, बाई. तुम्हां दोघींची गाठ घालून द्यायला पाहिजे.”

मी चातुर्मासात मौनानं जेवते. सासूबाईंनी माझ्या हाती दिलेला नेम आहे. पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत बोलायचं नाही, आणि चुकून बोललंच तर जेवण तिथंच संपलं, पानावरून उठायचं. संस्थेच्या कॅन्टीनमध्ये त्याची चेष्टा व्हायची. “मॅडमशी वाद घालायचा तर दुपारी घाला,” असं सगळे म्हणत. वैजनाथ मात्र मुद्दाम त्याच वेळी माझ्यासमोर डबा घेऊन बसायचा. म्हणायचा, “असं न टोकता ऐकणारं माणूस मिळत नाही कुठं.”

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तो तसाच येऊन बसला. मी भाकरीचा दुसरा घास भाजीत बुडवला होता.

“आज कळवतो त्यांना,” तो म्हणाला. “रात्री कावेरीशी बोललो. ती म्हणाली, तुम्हाला खात्री असेल तर मी आणखी वर्षभर राहते इथं. रागावली नाही, बाई. रागावली असती तर बरं झालं असतं. लेक पलीकडून ओरडत होती, बाबाचा तारा कवा दिसणार? मी म्हटलं, तारा नाही गं, गोळा. तर म्हणते, मग गोळा दाखव.” तो हसला आणि लोणच्याची फोड बोटानं इकडून तिकडं सरकवत राहिला. “मी म्हटलं, दाखवतो. थोडे दिवस थांब.”

मी घास खाली ठेवला.

“नाही म्हणू नकोस, वैजनाथ,” मी म्हणाले. “आजच्या आज हो कळव आणि जा अंबाजोगाईला.”

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. वैजनाथचा हात लोणच्यावरच राहिला. इतक्या वर्षांत चातुर्मासात त्यानं मला जेवताना बोललेलं ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

“बाई, तुमचं जेवण…”

“माझं राहू दे. ऐकलंस ना मी काय म्हणाले?”

“ऐकलं,” तो म्हणाला.

मी पानाला नमस्कार करून उठले. मी हात धुतले. आत कुठंतरी हलकं वाटत होतं. नियमातला एक शब्द मी मोडला नव्हता. मोडला होता तो माझा नेम, आणि तो मोडायला मला कुणाची परवानगी घ्यायची गरज नव्हती. माझ्यापाशी होतं ते मी देऊन टाकलं होतं. आता त्याला कळेल, असं मला वाटलं.

सहा वाजत आले तेव्हा तो माझ्या खोलीत आला. उभाच राहिला. चेहऱ्यावर असा आनंद होता, की माझ्या जिवात जीव आला.

“कळवलं, बाई.”

“बरं केलंस. कावेरीला सांगितलंस का?”

“आता सांगतो. आधी तुमच्याकडे आलो.” त्यानं दार लोटून घेतलं. “येत नाही म्हणून कळवलं.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“दुपारभर मी तोच विचार करत होतो,” तो म्हणाला. “बाईंनी नेम का मोडला? बाई जेवताना बोलल्या, म्हणजे साधी गोष्ट नाही. मग म्हटलं, नीट विचार करू. ठिपका पेरलेला असता तर बाईंना माहीत असतं. आणि बाईंना माहीत असतं तर बाई या विषयावर जिवात जीव असेपर्यंत बोलल्या नसत्या. कारण नोकरी घे म्हणणं म्हणजे ठिपका खोटा आहे म्हणणंच झालं की. दुसऱ्या कुणीही डोळा मारून सांगितलं असतं. तुम्ही नाही. तुम्हाला मी ओळखतो, बाई.” त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “म्हणजे तुम्हाला माहीत नाही. म्हणजे तो तुमचा नाहीच. तुम्हाला फक्त आमची काळजी वाटली, कावेरीची, पोरीची, आणि त्यापायी तुम्ही उपाशी उठलात. हे मी विसरणार नाही.”

मी तोंड उघडलं.

आता काय सांगायचं होतं? कॉलेजला पत्र गेलं होतं, मागचा उमेदवार उभा होता. ठिपक्याचं सांगून हंगाम बुडाला असता आणि नोकरी परत आली नसती.

“त्यांना पुन्हा फोन लाव,” मी म्हणाले. “चूक झाली म्हणून सांग.”

“त्यांचं उत्तर पण आलं, बाई. शुभेच्छा दिल्यात.” तो वाकला आणि मला नको नको म्हणायची उसंत न देता पाया पडला.

नवरात्र झालं, दिवाळी झाली. मी दुपारचं मौन पुढं चालू ठेवलं, पण मोडलेला नेम तो मोडलेलाच. मौनाच्या उद्यापनाला देवळात घंटा द्यायची असते, ती मी श्रावणातच तांबट आळीतून आणून ठेवली होती. ती कपाटातच राहिली.

तुळशीचं लग्न लागलं आणि उघडणीचा दिवस आला. मोठ्या दालनात सगळे जमले होते. वैजनाथनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तो पहिल्या रांगेत बसला होता. पडद्यावर सगळ्यांना सापडलेले ठिपके एकदम दाखवले होते, आणि मी कळ दाबली की त्यांतल्या पेरलेल्यांभोवती तांबडं कडं उमटणार होतं. ते माझंच काम होतं.

“घ्या, ताम्हनकर,” रेगे सर म्हणाले.

मी कळ दाबली. पडदाभर कडी उमटली. खालच्या कोपऱ्यात, करंजीच्या शेजारी, एक उमटलं.

मी मागच्या टेबलाशी होते, वैजनाथ पाठमोरा होता. त्याची मान तेवढी किंचित पुढं झाली, जवळून बघायला व्हावी तशी.

“यंदा काही ठिपके आपण हातानं पेरले होते,” रेगे सर सांगत होते. “कुणालाच सापडणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्यांतला सगळ्यात अवघड एकाच माणसाला सापडला. असा ठिपका ज्याला दिसतो, त्याला आकाशातलं काहीही दिसेल. सोनटक्के, उभे राहा.”

टाळ्या सुरू झाल्या. मनापासूनच्या टाळ्या होत्या, त्यात कुणाचं काही वाकडं नव्हतं. वैजनाथ उभा राहिला, मागं वळला आणि सगळ्यांना हात जोडले. टाळ्या थांबेपर्यंत तो तसाच हात जोडून उभा होता. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

दुपारी मी कॅन्टीनमध्ये एकटीच बसले होते. तो डबा घेऊन आला आणि नेहमीसारखा समोर बसला.

“आता बोलता येतं ना तुम्हाला जेवताना?”

“येतं. चातुर्मास संपला.”

त्यानं डबा उघडला नाही. “त्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं.”

“हो.”

“मी ऐकलं नाही असं नाही, बाई. मी जास्तच ऐकलं.” मग त्यानं विचारलं, “हातानं पेरला म्हणजे कुणी? सरांनी?”

“मी.”

त्यानं मान हलवली. मी वाट बघत होते. तो काहीही बोलला असता तरी मी ऐकून घेणार होते.

“छान पेरला होता,” तो म्हणाला. “चाल अगदी खरी होती.”

मार्चमध्ये त्याची नेमणूक संपली. रेगे सर वर भांडले, खरंच भांडले, पण जागा नव्हती. तो परभणीला एका शिकवणी वर्गात गणित शिकवायला लागला, तिथंच राहिला. त्या हंगामाचा आमचा निबंध खूप वाखाणला गेला. आमच्या शोधाची नजर किती बारीक आहे, हे त्यात एका ठिपक्याच्या आधारानं सिद्ध केलेलं आहे.

पण ते पुढचं. त्या दुपारी त्यानं मग डबा उघडला. वरच्या खणात दिवाळीचं फराळाचं होतं.

“कावेरीनं पाठवलंय,” म्हणाला, आणि एक करंजी उचलून माझ्या पानात ठेवली.

तिचं एक टोक किंचित मोडलं होतं. त्यानं खाली मान घातली आणि तो जेवायला लागला, आणि हात धुवेपर्यंत एक शब्द बोलला नाही. ती करंजी मी सबंध खाल्ली.